खालची गल्ली

सकाळी साडेनऊला साक्षीने लातूरमधल्या आपल्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं, तसबिरीला उदबत्ती ओवाळली आणि कालपासून तपासणीला लावलेल्या हार्डडिस्ककडे वळली. डिस्क किल्लारीच्या शेषेरावांची होती. भूकंपात गेलेल्या जुन्या गावातलं एकेक घर त्यांच्या पत्नीने, केवळाबाईंनी, गल्लीवार सांगितलं होतं. ते सारं ध्वनिमुद्रण या डिस्कवर होतं. केवळाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

अहवालात साक्षी प्रत्येक फाइलपुढे गिऱ्हाइकाला कळेल असाच शब्द लिहीत असे: शाबूत, बिघडलेली, हरवलेली. शेवटच्या फाइलपुढेही तिने ‘बिघडलेली’ लिहिलं. पडद्यावर मात्र दिसत होतं: उघडी, लेखन सुरू.

डिस्कवर काहीही लिहिलं जाऊ नये, अशी सोय तिने स्वतः केली होती. तरी फाइलचा आकार वाढत होता.

दहाला शेषेराव आले.

“काका, दुरुस्ती केली तर बिघडलेल्या फाइली परत मिळतील. पण ही शेवटची बंद करावी लागंल.”

“काय हाय तिच्यात?”

“ऐकू येत न्हाई. नुसती वाढायलीय.”

शेषेरावांनी पडद्यावरच्या वाढत्या आकड्यावर बोट ठेवलं.

“खालची गल्ली सांगायची राहिली होती तिची,” ते म्हणाले. “थोडक्यात बोलणं तिला कधी जमलंच न्हाई, पोरी. राहू दे.”

साक्षीने दुरुस्ती रद्द केली. त्या फाइलपुढचं ‘बिघडलेली’ खोडून तिने स्वच्छ अक्षरात ‘सुरू आहे’ असं लिहिलं. मग, व्यत्यय नको म्हणून, पंखा बंद केला.