आतून पुसलेला कॉम्प्युटर

"आतूनसुद्धा पुसलात?" मेकॅनिकनं विचारलं.

"मग? वरवरची साफसफाई आमच्याकडे चालत नाही," काका म्हणाले. "ओलं फडकं होतं, पण घट्ट पिळलेलं हां."

मेकॅनिकनं सीपीयूचं बटण दाबलं. आत पंखा फिरला, बीप बीप सुरू झालं आणि मॉनिटर काळाठिक्कर राहिला.

"मुलगी दिसणार म्हटलं की यांना घरात धूळ खपत नाही," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. "ती काय त्या डब्यातून चालत येणार आहे?"

काकांची मुलगी दूरच्या मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर इंजिनिअर होती. दर शुक्रवारी संध्याकाळी ती ऑफिसातूनच पडद्यावर यायची. या खेपेला तिला बढती मिळाली होती. अख्खा मजला आता तिच्या हाताखाली. ही बातमी सांगताना काकांनी गल्लीत एकालाही सोडलं नव्हतं. मेकॅनिकनं चपला काढायच्या आतच त्यालाही सांगून झाली होती.

"एवढी मुलगी इंजिनिअर, मग तिलाच का नाही विचारलंत?" मेकॅनिक म्हणाला.

"छे! मोठ्या सर्जनला पायातला काटा काढायला बोलावतात का? तुमच्या दुकानाचा नंबर तिनंच चिकटवून दिलाय इथं. बिघडलं तर यांनाच बोलवा म्हणाली. तिथं बसून सगळी काळजी करते."

सोफ्याजवळ दोन बॅगा बांधून ठेवलेल्या होत्या. काकांनी त्यांवर थाप मारली. "आज चालू झाला तर ठीक. नाहीतर उद्या सकाळची बस पकडून थेट तिच्या ऑफिसात! केबिनला काचेची भिंत आहे. कधीची बघायचीय."

"मोबाईलवर नाही का दिसत?"

"अंगठ्याएवढी दिसते. त्यात काय बघायचं?"

काकूंचं मन मात्र बसच्या प्रवासाला तयार नव्हतं. "यांचे गुडघे हे असे. आणि तिला कामातून मान वर करायला सवड नाही. आम्ही जाऊन तिथं काय, खुर्च्या अडवायच्या? भाऊ, तुम्ही आजच करून द्या."

मेकॅनिक कामाला लागला. निम्मं आयुष्य त्यानं मोठ्या पाठीचे टीव्ही दुरुस्त करण्यात घालवलं होतं. तेव्हा लोक त्याला टीव्हीचा डॉक्टर म्हणायचे. ते टीव्ही गेले, त्यांच्यामागून त्याचं दुकानही गेलं, आणि आता तो पलीकडच्या गावात मॅडमच्या दुकानात नोकरी करत होता. पण मेलेल्या यंत्रानं डोळा उघडला की अजूनही त्याची छाती फुगायची. तेवढं सुख काही कुणी काढून घेतलं नव्हतं.

त्यानं काकूंचा हेअर ड्रायर मागून घेतला आणि सगळं आतून वाळवलं. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली, पुन्हा बसवल्या. बीप बीप. पुन्हा काढल्या, पुन्हा बसवल्या. बीप बीप.

काका बाजूला स्टुलावर बसून मुलीला शाळेत मिळालेल्या बक्षिसांबद्दल सांगत होते. मेकॅनिकच्या कानाशी दोन्हीकडून एकसारखंच वाजत होतं.

शेवटी त्यानं दुकानात फोन लावला. "मॅडम, हा उचलून आणावा लागेल. सोमवारपर्यंत देऊ. घाई नाही, मंडळी उद्या मुलीकडे निघालीच आहेत."

पलीकडे स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आदळल्याचा आवाज आला.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आजच चालू व्हायला हवा. एकच पट्टी लावा, ती पण दुसऱ्या खाचेत. नाही जमलं तर दुसरी पट्टी. आणि भाऊ, तो चालू झाल्याशिवाय निघू नका."

मेकॅनिकचा चेहरा पडला. मॅडम कडक होत्या, गिऱ्हाईकासाठी जीव टाकायच्या, पण अशा तोडून कधी बोलल्या नव्हत्या. अपमान गिळून त्यानं एक पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. बीप बीप. ती काढून दुसरी लावली. अंगठ्यानं दाबली, खट् झालं. बटण दाबलं.

या वेळी एकच बीप वाजली. पडदा उजळला आणि त्यावरच्या फोटोत दोन वेण्यांची चिमुरडी दिसली, जेमतेम हातातल्या बक्षिसाच्या कपाएवढी.

"ही बघा आमची!" काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही. काकूंनी मुकाट्यानं बॅगा उचलून आत नेल्या.

मेकॅनिकलाही उगाचच भरून आलं. चहा घेऊन तो निघाला तो मोटरसायकलवर सरळ ताठ बसून, जुन्या डॉक्टरासारखा. मॅडमना आज ऐकवायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मेकॅनिक वाकून आत शिरला आणि तसाच वाकलेला राहिला. डागाळलेल्या एप्रनवर इस्त्रीचा काळा कोट चढवून मॅडम कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या. त्यांच्या पाठीशी भिंतभर चित्र लावलं होतं: काचेची उंच भिंत आणि तिच्यापलीकडे मोठ्या शहराचे दिवे. टेबलाखालून त्यांनी हातानंच 'थांबा' अशी खूण केली. समोरच्या पडद्यावरून काकांचा आवाज येत होता, "मेकॅनिक बेस्ट होता गं. त्याच्या मॅडमना काही मी पाहिलेलं नाही, पण एवढ्या जिद्दीनं दुकान चालवतात म्हणजे त्यांच्या आईबापांना केवढा अभिमान वाटत असेल!"

"खरंच, बाबा?" मॅडमनी विचारलं.