गाडीची संकष्टी

हणमंत मिस्त्रीने पंप तपासला, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. सगळं ठणठणीत, तरी इंजिनात इंधनाचा थेंब जाईना. मागच्या सीटवर नलूमावशींची कुरकुर चालूच होती. नातवाच्या बारशाला उशीर होत होता. शेवटी वैतागून हणमंतने गाडीलाच विचारलं, "बाई, दुखतंय तरी कुठे?"

"कुठेच नाही. आज संकष्टी. चंद्र दिसल्याशिवाय मी काही घेत नाही," गाडी म्हणाली. "मावशींचं बघूनच शिकले."

हणमंतने डोकं खाजवलं. "साबुदाण्याचं इथेनॉल आहे. चालेल?"

"ते चालतं की उपवासाला! पण टाकी काठोकाठ भरा हं, नाहीतर अशक्तपणा येतो."

मावशींनी मांडीवरचा खिचडीचा भलामोठा डबा हळूच पदराखाली सरकवला.