अळणी

वेलिकानं नवऱ्याच्या कबरीवर खारवलेल्या पांढऱ्या चीजचा तळहाताएवढा तुकडा ठेवला. शेजारी खारातली कोबी ठेवली. वर थोडी वाइन ओतली.

"खा बाबा," ती म्हणाली. "अळणी घालून घालून तुझी जीभ मारली मी. आता कोण अडवतंय तुला?"

पितरांचा शनिवार होता. गेलेल्यांच्या आवडीचं रांधून सगळं गाव दफनभूमीत आलं होतं आणि एकमेकांना वाटत होतं. ग्रोझ्दान गेल्या शरदात अक्रोडाच्या झाडावरून पडून गेला. ज्या रक्तदाबाला ती तीन वर्षं भीत होती, त्यानं नव्हे, झाडानं नेला. हेच तिच्या जिवाला लागलं होतं. त्या तीन वर्षांत तिनं घरात खारातल्या कोबीचं पिंप भरलं नाही. चीज पाण्यात भिजवून, खार काढून वाढलं. नवऱ्यासमोर आपण चमचमीत कसं खायचं, म्हणून स्वतःही तेच गिळलं. हा पिंपातला खार वाटीनं पिणारा माणूस, पण एकदाही ताटावर कुरकुरला नाही. उलट तिच्या ताटात डोकावायचा, "तूही हेच घेतलंस ना?" ते आठवलं की तिला रडू फुटायचं. तो गेल्यावर तिनं मिठाचा डबा पुन्हा चुलीशी आणला होता.

गावची नर्स त्सोंका जवळ आली. वेलिकानं तिला चीज घातलेला पाव दिला, एक स्वतःला घेतला.

"ग्रोझ्दानच्या नावानं घे."

"देव त्याला क्षमा करो." त्सोंकानं घास घेतला आणि ती थबकली. "अगं, केवढं खारट! घरीही हेच खातेस?"

"मग? पथ्य त्याचं होतं. तो गेला, पथ्य गेलं."

त्सोंकानं पाव बाजूला ठेवला.

"त्याचा दाब शेवटपर्यंत तरण्या पोरासारखा होता, वेलिका. वाढलेला तुझा होता. तुला सांगितलं तर तू हसलीस. म्हणालीस, मला कुठे काय दुखतंय? दुसऱ्या दिवशी हा माझ्या दारात. 'ती स्वतःसाठी चिमूटभर मीठ सोडायची नाही. माझ्यासाठी सोडेल. माझाच वाढलाय म्हणून सांग.' शपथ घातली होती गं त्यानं मला."

वेलिकानं डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही. मग ओठांपर्यंत नेलेला पाव तिनं खाली आणला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हाही तूच खा," ती म्हणाली. "मला पथ्य आहे."