तपासणीचं पाणी

"पाणी तुमीच बदललं, सरपंच! वढ्याचं पाणी इतकं चांगलं निघूच शकत न्हाय!" तेजश्री अंगणातच कडाडली.

सरपंच जयवंतराव राजदूत फटफटीवरून नुकते उतरत होते. माणूस सरळ होता, पण असला आरोप कोण गिळेल? त्यांचा चेहरा पार उतरला.

प्रकरण तसं साधं होतं. गावातून निघणारा ओढा उसाच्या रानांना वळसा घालून खाली बौद्ध वस्तीला बिलगतो आणि पुढं नीरा नदीला मिळतो. वस्ती पूर्वापार त्याच पाण्यावर जगत आलेली. ग्रामपंचायतीनं वर गावात पक्की गटारं बांधली आणि त्यांचं तोंड खुशाल ओढ्यात सोडून दिलं. गाव लख्ख झालं, घाण वस्तीच्या वाट्याला आली. तेव्हापासून वस्तीतले जुलाब हटेनात. तेजश्रीची तान्ही मेघना तर वाळून काटकी झाली होती. लेकराकडं बघवत नव्हतं.

तेजश्री बारामतीला प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं पंचायतीत भांडून कबूल करून घेतलं की पाणी तपासायचं आणि खराब निघालं तर गटार दुसरीकडं वळवायचं. उगाच संशय नको म्हणून ती स्वतः बाजूला राहिली. सरपंच जातीनं वस्तीत आले. तेजश्रीच्या सासूकडून, गोजरबाईकडून त्यांनी बाटली भरून घेतली आणि बारामतीला पोचवली. निकाल आला, पाणी पिण्यालायक! पंचायतीतली मंडळी पोट धरून हसली. गटार होतं तिथंच राहिलं.

"मोरगावच्या गणपतीची आण," जयवंतराव म्हणाले, "मावशींनी दिली तशीच बाटली न्हेली. झाकणाला हात लावला न्हाय. पटत नसंल तर ही दुसरी आणलीय. पुन्यांदा भरून द्या, तुज्या डोळ्यांदेखत."

तेजश्री काही बोलायच्या आत गोजरबाई लगबगीनं उठली. तिनं बाटली घेतली आणि ओढ्याकडं जायचं सोडून सरळ घरात शिरली. तेजश्री चक्रावून मागोमाग गेली. बघते तो सासूनं हंड्यातलं ओढ्याचंच पाणी पातेल्यात ओतून चुलीवर चढवलेलं. एका हातात स्वच्छ फडकं, दुसऱ्या हातात तुरटीचा खडा.

"आत्याबाई, हे काय चाललंय?"

"पाणी भरती की. मागल्या येळंसारखंच. चांगलं उकळायचं, तुरटी फिरवायची, फडक्यानं गाळायचं. आठवड्याचं सरपण गेलं बघ त्या एका बाटलीपायी."

तेजश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं, घाणच पाणी द्यायचं हुतं! तेच तर दाखवायचं हुतं साऱ्यांना!" बोलता बोलता तिला रडू फुटलं. जयवंतराव दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

म्हातारीनं एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा सरपंचांकडं. आपलं काय चुकलं, ते तिला काही केल्या कळेना.

"ह्यांच्या आज्याच्या दारात मी वरनं ओतलेलं पाणी वंजळीनं प्यालीय, पोरी," ती म्हणाली. "त्या घरातलं माणूस पयल्यांदा माज्या दारात येऊन माज्या हातचं पाणी मागत हुतं. मग ते घाण कसं द्यायचं?"