प्रवासापुरतं दूध

सारिकाने पलंगावर सगळं मांडून ठेवलं होतं. पावडरच्या दुधाचा डबा, बाटल्या, बाटल्या धुवायचा लांब ब्रश, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, तोंड पुसायची मऊ फडकी. संचिता एकेक बाटली पुसून पिशवीत उभी लावत होती. नाचणी भिजवून, वाटून, वाळवून सत्त्व तिने घरीच केलं होतं. ती बरणी तिने झबल्यांच्या मधे दडपली, वाटेत फुटू नये म्हणून.

बाहेर पडवीत दुर्वा रडायला लागली.

सारिका संचिताची नणंद. दुर्वाला न्यायला ती कॅनडाहून एकटीच आली होती; तिचा नवरा चंदन तिकडेच होता. कोर्टाचं काम झालं होतं, पासपोर्टही आला होता. संचिताची दहा महिन्यांची मुलगी आता कागदोपत्री सारिकाची होती. हे कुणी संचितावर लादलं नव्हतं. दुसऱ्यांदा मूल गमावून सारिका माहेरी येऊन पडली होती, तेव्हा तिचं न जेवलेलं ताट उचलताना संचिताच म्हणाली होती, "ह्या पोटातला पोर तुमचाच समजा, वन्सं." पदरात दोन मुलगे होतेच. म्हणायला तेव्हा जड गेलं नाही. सासूने, सत्यवतीने, तिच्या गालांवरून हात फिरवला होता.

सारिका दुर्वाला कडेवर घेऊन आत आली. हातातली बाटली तशीच भरलेली होती. दुर्वाच्या हनुवटीवरून दुधाचा ओघळ गळ्यापर्यंत गेला होता.

"पियत नाय गो," ती म्हणाली. "इल्यापासून बघतंय. वाटी-चमच्यान चार घास खाता, पण दूध म्हटला की तोंड फिरवता. तिका कळता. मी तिका खंय न्हेतंय ता तिका कळता."

"गाडीत बसल्यार घेयत ती..." संचिता पुटपुटली, आणि वाक्य सोडून दिलं.

सारिका पलंगाच्या कडेवर बसली. "चंदनाक फोन करतंय. तिकिटा रद्द कर म्हणान सांगतंय. इतक्या लांब उपाशी चेडवाक घेवन मी कशी जाव? आणि जेका मी नको, तेका ओढून कित्या न्हेव?"

एका हाताने तिने पिशवीतली बाटली बाहेर काढली. मग दुसरी.

संचिता बघत राहिली. तिला काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. दुर्वा इथेच राहिली असती, आणि कुणी संचिताला बोल लावला नसता.

सत्यवती दारात येऊन उभी होती. लेकीकडे बघून ती थकल्या आवाजात म्हणाली, "तुझ्या नशिबातच नाय गो बाये. तेका कोण काय करतला?"

सारिकाने मान हलवली. वाद नाही, राग नाही. जणू हे तिला कधीपासून ठाऊकच होतं.

ती हललेली मान संचिताला बघवली नाही.

"तुमचा काय चुकला नाय, वन्सं. मीच पाजतंय तिका."

सारिकाला कळलं नाही.

"तुमी आंघोळीक जातास तेवा. दुपारचो तुमचो डोळो लागता तेवा. मागल्या दारान गुरांच्या मांगरात न्हेऊन पाजतंय. आज सकाळीव पाजलंय. डॉक्टरान दूध आटवूक दिलेल्यो गोळ्यो माडाच्या आळ्यात टाकलंय. तिचा पोट भरलेला असता. ती बाटली घेवची कशी?"

सत्यवती चौकटीला धरून खाली बसली.

"आणि मी इतके दिवस स्वतःकच खातंय गो," सारिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. दुर्वाची हनुवटी पुसत तिने विचारलं, "मगे आता सांगलंस कित्या? गप रवलं असतंस तर ती हयच रवली असती."

"गपच रवलेलंय. पुढे रवाक नाय झाला."

आईचा आवाज ऐकून दुर्वा तिच्याकडे झेपावली. दोन्ही हात पुढे करून, अख्खं अंग टाकून. संचिताचे हात आपसूक वर आले. तिने ते पाठीमागे घेतले.

सारिकाने ते पाहिलं. "तू हय असलंस तर ती माझ्याकडसून घेवची नाय," ती म्हणाली. त्यात दोष नव्हता, आणि माफीही नव्हती.

संचिताने बाहेर काढलेल्या बाटल्या पुन्हा पिशवीत लावल्या. एक तेवढी मागे ठेवली. थर्मासमधलं पाणी ओतून, पावडर घालून ती चांगली हलवली. मनगटावर थेंब टाकून बघितला. बाटली सारिकाच्या हातात दिली आणि दुर्वाकडे न बघता मागल्या दाराने बाहेर पडली.

विहीर मागे टाकून ती परसाला कुंपण घातलेल्या चिऱ्यांच्या गडग्यापर्यंत गेली. पलीकडे खाडी ओसरली होती. चिखलात रुतलेल्या होडीवर कुणीतरी जाळं वाळत घातलं होतं. इथवरही रडणं ऐकू येत होतं. ते वाढलं, चिरकलं, मधे अडकून उचक्या लागल्या, पुन्हा वाढलं. संचिताने दोन्ही हातांनी गडगा धरून ठेवला. पाय घराकडे वळत होते.

मग रडणं मधेच तुटलं.

"पियता गो, पियता!" घरातून सत्यवतीचा आवाज आला, आनंदाने फुटलेला.

संचिता जागची हलली नाही. रडणं पुन्हा सुरू होईल म्हणून ती कान देऊन उभी राहिली.