परका टाका

“हा टाका माझा नाही.” मास्तरीणबाईंनी कोटाच्या अस्तरावरून पुन्हा अंगठा फिरवला. टाका बारीक होता, सगळीकडे एकसारखा. त्यांचा टाका वळणावर जरा ताणलेला असायचा. हा कुठेच ताणलेला नव्हता.

जेवणाआधी ही तुरपाई त्यांनी स्वतः संपवली होती. दुपारची झोप काढून उठल्या, तर ती दुसऱ्याच कुणाची झालेली. महिन्यातला हा तिसरा कोट. कुठेतरी पाणी मुरत होतं.

संशय घ्यायला घरात माणूस एकच होता. नवरा बसचा कंडक्टर, निवृत्त होऊन वर्ष झालेलं. त्याला शर्टाचं बटणसुद्धा कधी लावता आलं नव्हतं. अलीकडे मात्र भलताच गोडीत आला होता. रोज सकाळी दहा सुयांत दोरे ओवून ठेवायचा. हल्ली सुयांना भोकंच धड पाडत नाहीत, ही बाईंची तक्रार मान डोलवत ऐकून घ्यायचा. आणि त्या झोपल्या की पिशवी घेऊन कुठेतरी जायचा. विचारलं तर ताकास तूर लागू देत नसे.

म्हणजे काम बाहेर जात होतं. कुणा बाईकडे. बाईंना तिचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. गिऱ्हाइकांना हा टाका कळला तर ती सरळ तिच्याकडेच जातील. तीस वर्षं सुईवर काढल्यावर मग उरतं काय?

नवरा चहा घेऊन आला. बाईंनी कोट त्याच्या पुढ्यात टाकला.

“कोण आहे ती?”

“कोण ती?”

“उगाच वेड पांघरू नका. माझ्या हाताखाली अकरा जणी शिकल्या. बरी आहे म्हटलं, शिकतेय म्हटलं. तरबेज एकीलाही म्हटलं नाही. पण ही तरबेज आहे. म्हणून विचारते.”

नवऱ्याला हसू आवरेना. त्याने डावा हात पुढे केला. बाईंनी तो चाचपला. तर्जनीचं टोक सुया टोचून टोचून खरखरीत झालं होतं, अगदी त्यांच्या बोटासारखं.

“तुम्ही? माझं उसवून?” त्यांना राग आणि रडू एकदमच आलं. “कधीपासून?”

त्याचं हसू मावळलं.

“तू काळ्या कोटाला लाल दोऱ्यानं तुरपाई केलीस ना,” तो म्हणाला, “त्या दिवसापासून.”