पाच कोड

"पाचही सेन्सर गेलेत," बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र बाजूला ठेवत इस्माईल मेस्त्री म्हणाले. "सोळा वर्षांची पिकअप आहे, वहिनी. भंगारात द्या."

वहिनी म्हणजे माझी सून शोभना. रोपवाटिकेतली रोपं ती याच गाडीतून बाजाराला नेते. गाडी गेली की रोपवाटिकाही बंद.

मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. तरी भीत भीत गाडीचं मॅन्युअल पुढे केलं. "एकाच आठवड्यात पाचही कसे जातील? या आकृतीत पाचांची अर्थिंगची वायर एकाच बोल्टला येते. चुकतही असेन मी."

"आबा, पुस्तकातल्या गाड्या कधी बंद पडत नाहीत," मेस्त्री हसले. पण त्यांनी टॉर्च मारला.

बोल्टभोवती निळा रंग दिसला. मागच्या आठवड्यात दसऱ्याच्या पूजेसाठी बॉनेटखाली तो रंग मीच दिला होता. नीट दिसावा म्हणून वायर सोडवून तिच्या जागीही ब्रश फिरवला आणि रंगावरच ती परत कसली. रंगातून वीज जाणार कशी?

"हे माझंच काम," मी म्हणालो.

मेस्त्रींनी रंग खरवडला, बोल्ट आवळला, जुने कोड पुसले. शोभनाने चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. यंत्रावर नवा कोड एकही आला नाही.

"आबा, उद्या गॅरेजवर या," मेस्त्री म्हणाले. "अजून दोन गाड्या अडल्यात."

"उद्या नाही," शोभना म्हणाली. "उद्या ते माझ्याबरोबर बाजाराला येतायत."